शून्याचा रकाना

"अजून नकला करतात का हो त्या?" सल्लागारानं हे विचारलं तेव्हा शून्यकरचे दोन्ही हात मनगटापर्यंत साबणानं माखलेले होते. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या कँटीनबाहेर हात धुवायला रांग लागते आणि त्या रांगेत माणसं जे बोलतात त्याला काही अर्थ नसावा असा एक अलिखित संकेत आहे. सल्लागार नवा होता, त्याला संकेत माहीत नव्हता. "कोण करतं नकला?" शून्यकरनं विचारलं. "तुमच्या मिसेस. काल गेटवर तुमचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या होत्या ना, मी वरच्या खिडकीतून पाहिलं. म्हटलं, ही चाल ओळखीची. अहो, कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका वर्गात होतो. आमचे प्राचार्य जिना उतरायचे तेव्हा प्रत्येक पायरीला क्षमा करत करत खाली यायचे. ते तिनं एकदा करून दाखवलं आणि मी बाकावरून पडलो. खरंच पडलो. हे बघा." त्यानं भुवई पुढे केली. भुवईत एक पांढरी, केस न उगवलेली रेघ होती. शून्यकरनं ती रेघ नीट पाहिली. पोलादावरची भेग पाहायची सवय असल्यामुळे त्यानं तिची लांबीही मनात धरली. आठ मिलिमीटर. मग तो म्हणाला, "करते की. अधूनमधून." आणि नळ सोडून हात गरजेपेक्षा बराच वेळ धूत राहिला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. बायकोनं कुणाचीही, कसलीही नक्कल केलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

शून्यकर हे त्याचं आडनाव नव्हतं. ते प्रयोगशाळेनं दिलेलं होतं आणि आता त्याच नावानं टपालही येत असे. धातूंची परीक्षा करायची ही जागा. ट्रकच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी, आस, दांडे असलं काय काय येई आणि मोडेपर्यंत वाकवून पाहिलं जाई. शून्यकरचं काम मोडण्याच्या आधीचं. टेबलावर पडलेली पोलादाची पट्टी बघणाऱ्याला निवांत दिसते. तिला कुणी ओढत नसतं, कुणी दाबत नसतं. पण आत एक रस्सीखेच चालू असते. वरचा थर चेंगरलेला, आतला गाभा ताणलेला, आणि दोघांची ओढ नेमकी सारखी, म्हणून पट्टी जागची हलत नाही आणि जगाला वाटतं सगळं ठीक आहे. याला अवशिष्ट ताण म्हणतात. क्ष-किरण टाकून हा ताण शून्यकर मोजायचा, पट्टीला बोटही न लावता. आणि यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पहिलं माप, पट्टीवर कसलाही भार येण्याआधीचं. त्याला हे लोक शून्य म्हणत. कारण पट्टी यंत्रावर चढवून एकदा वर, एकदा खाली वाकवली की झाला एक फेरा, आणि त्या पहिल्याच फेऱ्यात आतला ताण जो धाडकन उतरतो तो उतरतो. पुढचे लाख फेरे तो उतरतच असतो, पण मुंगीच्या पावलानं. पहिल्या फेऱ्यानं जेवढं नेलं तेवढं पुढच्या लाखांना मिळून नेता येत नाही. म्हणून ज्यानं शून्य घेतलं नाही त्याला त्या पट्टीबद्दल काहीच माहीत नाही, असं शून्यकरचं म्हणणं असे, आणि ते तो गेली सव्वीस वर्षं दिसेल त्याला ऐकवत असे. शून्य घेतलं की पट्टीला दोऱ्यानं एक गुलाबी चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी नसलेली पट्टी यंत्रावर चढवायची नाही. हा नियम त्यानंच केला होता आणि त्यापायी त्यानं दोन प्रशिक्षणार्थी मुली रडवल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी त्याच्या टेबलावर सल्लागाराचीच पट्टी होती. प्रयोगशाळेला सल्ला देण्याखेरीज त्याचा स्वतःचा पाच माणसांचा छोटा कारखाना होता आणि आठ वर्षं खपून त्यानं कमानींवर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करायची एक नवी रीत बसवली होती. मारा केला की वरचा थर चेंगरतो, आणि चेंगरलेल्या गर्दीत भेगेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. माझ्या रीतीनं वरच्या थरात सहाशेचा दाब बसतो, असं तो म्हणत होता. ते खरं निघालं तर ट्रकच्या कमानी करणारी मोठी कंपनी त्याची रीत घेणार होती. खरं निघालं नाही तर पाच माणसं आणि आठ वर्षं. शुक्रवारी बारा वाजता बैठक होती. शून्यकरनं पट्टी हातात घेतली आणि खिडकीबाहेर पाहिलं. प्रत्येक पायरीला क्षमा करत म्हणजे कसं? पाऊल टाकण्याआधी क्षमा की टाकल्यावर? आणि ती तेव्हा काय नेसली असेल, केस मोकळे असतील की बांधलेले, आणि हा पडल्यावर तिनं त्याला उठवलं का? रक्त आलं असणार. भुवईचं रक्त फार येतं. रुमाल कुणाचा होता? या विचारात तो उठला, पट्टी घेऊन यंत्राच्या खोलीत गेला आणि ठोकेकाकांच्या हातात ती दिली. ठोकेकाका यंत्र चालवायचे. फेऱ्यांचा आवाज कानानं मोजायचे म्हणून ते नाव. त्यांनी पट्टी उलटसुलट करून चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. पण पट्टी घेऊन आला होता खुद्द शून्यकर, आणि सगळ्यांना जो विचारतो त्याला कोण विचारणार? त्यांनी पट्टी चढवली.

त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा बायको खिडकीशी बसून नखं कापत होती. "आज लवकर?" ती म्हणाली. "नेहमीचीच वेळ," तो म्हणाला. "हो का," ती म्हणाली. अशा संभाषणावर त्यांचा संसार उत्तम चालला होता. ती वाचनालयात काम करायची. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. दर रविवारी सकाळी दोघी फोनवर तास तासभर बोलत आणि त्या वेळी तो भाजी आणायला जाई. शांत बाई, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे कोण, याचा त्यानं आजवर विचार केला नव्हता. आज केला, तेव्हा लक्षात आलं की असं फक्त तोच म्हणत असे. तो खुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून तिच्याकडे पाहत राहिला, बोट न लावता. हनुवटी, कान, नखांवर झुकलेली मान. या मानेतून कुणी प्राचार्य निघेल असं वाटेना. मग त्याला वाटलं, आपल्याकडे हिचं शून्यच नाही. ही या घरात आली त्या दिवसापासूनची सगळी मापं आपल्यापाशी आहेत: ताप किती आला, पोर झालं तेव्हा किती तास लागले, चहात साखर कधी बंद केली. पण ती सगळी भार आल्यानंतरची. भार येण्याआधीचं माप एका पांढऱ्या केसांच्या, ढगळ हसणाऱ्या माणसाकडे आहे आणि तो ते भुवईत घालून गावभर फिरतो. मत्सर म्हणजे पोटात आग वगैरे पडते असं त्यानं वाचलं होतं. त्याला तसं काही झालं नाही. त्याला फक्त समोरच्या बाईचा पहिला रकाना रिकामा दिसू लागला, आणि वहीत रिकामा रकाना दिसला की त्याच्या मानेत जी चमक भरायची, ती भरली. "काय बघताय?" ती म्हणाली. "काही नाही. डावीकडचं वेडंवाकडं कापलंयस." तिनं डावा हात लांब धरून पाहिला. "तुमचं लक्ष कुठं कुठं असतं," ती म्हणाली आणि ते नख पुन्हा कापलं.

बुधवारी सकाळी त्यानं वही उघडली आणि वहीतही शून्याचा रकाना रिकामा होता. काही क्षण त्याला ती वही दुसऱ्या कुणाची वाटली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो यंत्राच्या खोलीत गेला. पट्टी पकडीत बसलेली होती, यंत्र थांबलेलं होतं. "चालू केलं नाहीत ना?" "कुठलं. पकड बसवायला तीन फेरे दिले पूर्ण भाराचे, नेहमीसारखे, आणि बंद केलं," ठोकेकाका म्हणाले. मग मान जराशी तिरकी करून म्हणाले, "शून्य घेतलं होतंत ना, साहेब?" हा प्रश्न त्याला सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याचा स्वर त्याला मुळीच आवडला नाही; प्रश्नातच उत्तराची खात्री नसल्यासारखा तो स्वर होता, आणि आपण लोकांना असंच विचारतो की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. "घेतलं," तो म्हणाला. पट्टी काढून तो आपल्या खोलीत आला, दार लावून त्यानं ती क्ष-किरणाखाली धरली. आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी. तीन फेरे होऊन गेलेल्या पट्टीचा आकडा अगदी असाच यायला हवा होता. सहाशेतले दोनशेवर पहिल्या फेऱ्यातच गेले असणार. म्हणजे सल्लागार खरं बोलत होता. करायचं काय हे सरळ होतं: ही पट्टी भंगारात, दुसरी मागवायची, चिठ्ठी बांधायची, दीड दिवसात सगळं परत. शून्यकरनं पेनाचं टोपण काढलं आणि शून्याच्या रकान्यात तीनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षाही चांगलं आलं. मग पट्टी परत यंत्रावर गेली. हजार फेऱ्यांनंतर तीनशे एकाहत्तर, दहा हजारांनंतर तीनशे बावन्न. गुळगुळीत, खानदानी वक्ररेषा. बघणाऱ्यानं म्हणावं, या छर्‍यांच्या माऱ्यात मुळातच दम नाही. पण आहे तेवढं तरी बिचाऱ्यानं टिकवलंय.

गुरुवारी दुपारी सल्लागार त्याच्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात कच्च्या अहवालाचा कागद होता आणि केस विस्कटलेले होते. शून्यकरनं मनाची तयारी ठेवली होती. हा आता आवाज चढवणार, यंत्रावर शंका घेणार, मग आपण शांतपणे वही पुढे करणार. सल्लागार खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मी सकाळपासून कारखान्यात होतो. छर्रे तपासले, हवेचा दाब तपासला. सगळं ठीक वाटतंय. पण तुमचं शून्य म्हणजे शून्य, ते काही चुकणार नाही. म्हणजे माझंच कुठंतरी गंडलंय. आठ वर्षं मी स्वतःलाच फसवत होतो बहुतेक." आणि तो हसला. ढगळ हसणं, पण आतून हवा गेलेलं. शून्यकरला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचं वाईटही वाटलं, पण ते जरा उशिरानं आणि पुरेसं नाही. त्याला वाटत होतं, हा माणूस भांडला असता तर किती सोपं झालं असतं. याला भांडताही येत नाही; याला फक्त बाकावरून पडता येतं. "होतं असं," शून्यकर म्हणाला. "वहिनींना सांगितलंत का मी विचारलं ते?" सल्लागारानं उठता उठता विचारलं. "विसरलो." "सांगा हो. तेवढंच कुणीतरी हसेल." तो गेल्यावर शून्यकर खुर्चीत बसून राहिला. पृष्ठभागावरून कळतं ते थोडंच असतं. आतलं हवं असेल तर वरचा थर द्रावणात घालून केसभर उतरवायचा, मोजायचं, पुन्हा केसभर उतरवायचा. पट्टी मग परत पहिल्यासारखी होत नाही, म्हणून हे सहसा करत नाहीत.

संध्याकाळी बायको इस्त्री करत होती. तो तिच्या मागे दारात उभा राहिला, कारण पाठीला विचारणं सोपं असतं. "आमच्याकडे एक सल्लागार आलाय. तुझ्या वर्गात होता म्हणे." "कोण?" त्यानं वर्णन केलं. तिनं इस्त्री उभी करून आठवून पाहिलं. "चाळीस जण होते हो वर्गात. उंच? खूप हसायचा तो? हां. त्याला काहीही चालायचं. नुसतं शिंकलं तरी हसायचा." एवढंच. दोन दिवस ज्याच्या पायी त्याच्या मानेत चमक होती तो माणूस या घरात अर्ध्या मिनिटातच निकालात निघाला होता, आणि तरी चमक जाईना. "तो म्हणाला, तू नकला करायचीस." इस्त्री शर्टाच्या बाहीवरून सरळ पुढे गेली, बटणापाशी वळली, परत आली. "करायचे," ती म्हणाली. "मला कधी सांगितलं नाहीस." "सांगायचं काय त्यात? नक्कल सांगतात का? करतात." "मग केली का नाहीस?" आता ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं पुस्तक कुणी चार वर्षांनी परत आणून द्यावं आणि दंड घ्यावा की राहू द्यावा, असा विचार करताना वाचनालयातल्या बाईचा होत असेल तसा तो चेहरा होता. "केली होती," ती म्हणाली. "मी या घरात आल्याला सहा दिवस झाले होते. वन्सं जेवून गेल्या. तुम्ही इथंच पेपर वाचत होतात. वन्सं खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची हातानं दाबून बघायच्या, आठवतं? मग खुर्चीवर उपकार केल्यासारख्या बसायच्या, आणि म्हणायच्या, मला काही नको, अर्धाच कप. आणि मग अर्धाच कप तीनदा. ते मी केलं. चांगलं झालं होतं, माझं मलाच कळलं. तुम्ही पेपरातून वर बघितलंत आणि म्हणालात, 'ती मनानं फार चांगली आहे.' आणि परत खाली बघितलंत."

ती परत वळली आणि कॉलर पसरून तिच्यावर पाणी शिंपडू लागली. शून्यकरला ते आठवत नव्हतं असं तो कुणालाही शपथेवर सांगू शकला असता. आणि मग, जसं द्रावणात पट्टी घातल्यावर काही वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम वरचा थर निघून येतो, तसं त्याला ते सगळं आठवलं. त्याला पेपराचा वास आठवला. नवं लग्न, घरात कोरे कपडे, कोरी भांडी, सगळ्याच कोऱ्या गोष्टींना धक्का न लावता हलायचं. समोर ही उभी, हातात पाण्याचा तांब्या, आणि बघता बघता तांब्यासकट तिची ताई झाली. खांदेसुद्धा ताईचे झाले. आणि त्याच्या पोटातून एक हसू असं काही वर आलं की ते घशात आल्यावर त्याला भीती वाटली. आईच्या जागी असलेल्या आपल्या बहिणीच्या नकलेवर नवऱ्यानंच सहाव्या दिवशी हसायचं, तर मग हिला कुठं थांबायचं ते कसं कळणार? म्हणून त्यानं ते गिळलं आणि त्या जागी जे पहिलं सुचलं ते वाक्य ठेवलं. ताई खरोखरच मनानं चांगली होती. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. "रागावला असतात तरी चाललं असतं," बायको कॉलरकडे बघत म्हणाली. "मग मी तुमची केली असती." "आणि त्यानंतर?" "त्यानंतर काय. दोनचारदा आलं मनात. मग कमी कमी होत गेलं. तुमच्यासमोर म्हणजे." शून्यकरनं ते शेवटचे दोन शब्द ऐकले. "माझ्यासमोर म्हणजे?" "मुलीशी फोनवर करतेच की. दर शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्ट वाचते, तिथं तर करावंच लागतं, नाहीतर मुलं उठून जातात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहितेय. तुमच्या ताईंना माहीत होतं." "ताईला?" "त्यांनीच एकदा धरलं, आमची करतेस म्हणे, करून दाखव. दाखवली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, याच्यासमोर नको करू हो, याला वाईट वाटतं."

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. दोन दिवस तो एका माणसावर जळत होता. ते निदान आटोपशीर होतं. आता जळायला जग कमी पडत होतं: मुलगी, ताई, काकू, चटईवर बसलेली शनिवारची तीस पोरं. ज्याच्याकडे हिचं शून्य नाही असा सगळ्या शहरात एकच होता. आणि पट्टीत दम नव्हता असंही नव्हतं. वरच्या थरातला ताण पहिल्या फेऱ्यात उतरतो, पण आत, केसभर खाली, तो जसाच्या तसा असतो. हे त्यानं स्वतः कितीतरी अहवालांत लिहिलं होतं. त्याला फक्त वरचंच दिसत होतं, आणि वरचं उतरवणारा भार तोच होता. बराच वेळ असं बसल्यावर त्याच्या मनात जे आलं ते काही थोर नव्हतं. त्याच्या मनात आलं की उद्या बारा वाजता आपण गप्प बसलो तर तो सल्लागार या शहरातून जाईल, आणि आपण त्या तीनशे अठ्ठ्याऐंशीबरोबर राहू. रोज. आपल्याच अक्षरात. पहिल्या भाराचा हिशेब दडवून नंतरच्या आकड्यांकडे बोट दाखवायचं, बघा, मुळातच नव्हतं. हेच आपण घरात एकोणतीस वर्षं करत आलो. आता कचेरीतही चालू करायचं का? या विचारानं त्याला सद्गुणी वगैरे वाटलं नाही. दाढ काढून घ्यायचं ठरल्यावर जेवढं हलकं वाटतं तेवढंच वाटलं.

शुक्रवारी बारा वाजता, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खुर्चीत बसायच्या आत, तो उभा राहिला आणि म्हणाला, "शून्य चुकलंय. म्हणजे घेतलंच नव्हतं. चिठ्ठी न बांधता पट्टी मी स्वतः यंत्रावर दिली. जे लिहिलंय ते तीन फेऱ्यांनंतरचं आहे आणि ते मला बुधवारी सकाळीच माहीत होतं." खोलीत ठोकेकाका होते, कमानीवाल्या कंपनीचे दोन लोक होते, आणि त्यानं रडवलेल्या दोघींपैकी एक होती, जी आता त्याच्या हाताखाली होती. तिनं टेबलाखाली पाहिलं, पण दाबलेल्या हसण्यानं खांदे हलत होते. "बुधवारी माहीत होतं तर बुधवारी का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं. शून्यकर पाणी प्यायला. "घरगुती कारण," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत त्यानं हे कारण रजेच्या अर्जावरही कधी लिहिलं नव्हतं. मॅडमनी आठवडाभर त्याचा सहीचा अधिकार गोठवला, मापं त्या मुलीकडे दिली आणि नवी पट्टी तिथल्या तिथे मागवली. मुलीनं शून्य घेतलं: सहाशे चार. पहिल्या फेऱ्यानंतर तीनशे शहाण्णव. तिनं चिठ्ठी बांधली, गाठ दोनदा तपासली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बघून घेता का, सर?" त्यानं बघून घेतली. गाठ चांगली होती.

सल्लागारानं त्याला जिन्यात गाठलं. शून्यकरला वाटलं, आता तरी हा चिडेल. "अहो, काय माणूस आहात," सल्लागार म्हणाला, "मी काल घरी बायकोला सांगत होतो की कारखाना विकू या. ती म्हणाली, विका, निदान त्या छर्‍यांच्या यंत्राचा आवाज तरी घरात यायचा थांबेल." आणि जिन्याच्या कठड्याला धरून तो असा हसला की खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं. तेव्हा शून्यकरच्या मनात ती कल्पना आली, आणि ती इतकी लाजिरवाणी होती की त्यानं ती ताबडतोब बोलून टाकली. "रविवारी घरी या. चहाला. ती ओळखेल तुम्हाला."

रविवारी सल्लागार बिस्किटांचा पुडा घेऊन आला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, भुवईकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर पडलेला." दहा मिनिटं तिघं मिळून हवापाण्यावर बोलले, आणि ती शांत बाई होती. शून्यकरनं घड्याळाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मी चहा टाकतो." आजवर त्यानं पाहुण्यांसमोर असं वाक्य उच्चारलं नव्हतं, बायकोनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तो स्वयंपाकघरात गेला, दार लोटलं, पण कडी लावली नाही. पाणी ठेवलं. आधी नुसती कुजबुज आली. मग सल्लागाराचं हसणं, एकदा, आखूड. मग बायकोचा आवाज येईनासा झाला आणि खोलीत तिसराच कुणी माणूस बोलू लागला. "नाही, नाही, या नंबरावर ते राहत नाहीत," तो माणूस म्हणत होता, "पण आपलं त्यांच्याकडे काय काम होतं? असं? मग आपण असं करा, जिथून नंबर घेतलात तिथं आधी विचारा... नाही, मी धरून ठेवतो." शून्यकरनं तो आवाज लगेच ओळखला नाही. चुकून लागलेल्या फोनवर पाच पाच मिनिटं असं बोलणारा, इतका सज्जन, इतका संथ, इतका असह्य माणूस आपण कुठं पाहिलाय? मग त्या माणसानं घसा साफ केला, चष्मा कपाळावर चढवल्याचा छोटासा विराम घेतला, आणि शून्यकरचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. तिथं चष्मा होता.

बाहेर सल्लागार सोफ्यावरून खाली सरकल्याचा आवाज आला. त्याला हसायची मुभा होती. तो मनसोक्त, फुकट, आडवा होऊन हसत होता, आणि शून्यकरला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी त्याच्या पोटातून एक हसू वर आलं, एकोणतीस वर्षं थांबलेलं, पूर्ण ताकदीचं. ते बाहेर गेलं असतं तर बाहेरचा आवाज त्या क्षणी थांबला असता, हे त्याला कुठल्याही यंत्राशिवाय कळत होतं. त्यानं ओट्याची कड घट्ट धरली, रुमाल तोंडात कोंबला आणि गॅस बारीक केला, कारण चहा उकळल्याचा आवाजही होता कामा नये. "अहो," बाहेरून बायकोनं तिच्या स्वतःच्या आवाजात हाक मारली, "चहाचं काय झालं?" रुमाल काढून त्यानं एक मोठा श्वास घेतला. "होतोय," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या." मग दाराच्या अगदी जवळून, तिथं येऊन उभं राहून बोलल्यासारखा, तो सज्जन माणूस म्हणाला, "होतोय. तुमचं चालू द्या." आणि ते इतकं हुबेहूब होतं की आपण ते आत्ता म्हणालो की नाही, याची शून्यकरला खात्री राहिली नाही.